तरुच्या पोटाची पंचायत

माझ्या भावाच्या, व्रजेशच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आमच्या वशी कुटुंबात खरी माणसं किती, ते मला कळलं. एरवी आंब्याच्या दिवसांत अमलसाडच्या आमच्या घरी पंगती उठता उठत नसत. रसाच्या वाट्या घासून घासून कामवाल्या काम सोडून जात. पण डॉक्टरांनी 'घरातल्या कुणीतरी किडनी द्यायला हवी' एवढं म्हटलं मात्र, आमचा ओटा असा ओस पडला की गल्लीतली कुत्री तिथे निवांत झोपायला लागली.

वापीला राहणारा आमचा धाकटा भाऊ जतिन, त्याला एकाएकी आठवलं की आपली पाठ लहानपणापासून दुखते. लहानपणी त्याला कडेवर घेऊन मी फिरायची, दुखायची ती माझी पाठ. रमाफोई, आमच्या आत्या, म्हणाल्या, "वय झालं रे दीकरा, नाहीतर तुला दोन्ही दिल्या असत्या." व्रजेशचा एकुलता एक मुलगा मिहिर टोरांटोहून फोनवर रडला आणि म्हणाला, "पप्पा, मी इकडच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलतोय." तो अजून बोलतोच आहे असं मी धरून चालले आहे. मी स्वतः तपासायला गेले होते, पण माझ्या रक्तातली साखर बघून त्यांनी मला पहिल्याच दारातून परत पाठवलं.

उरली तरुलता. व्रजेशची बायको. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती आपली आपण रक्त तपासायला गेली आणि जुळलं म्हणून येताना पेढे घेऊन आली.

तरु तेव्हा जाडी होती. 'अंगाने भरलेली' वगैरे गोड बोलणं मला जमत नाही. गणदेवीच्या शाळेत मी जन्मभर मुलांना स्वच्छ बोलायला शिकवलं. जाडी होती, आणि व्रजेशने त्या जाडेपणावर वीस वर्षं पाहुण्यांना हसवलं होतं. "आमचा झोपाळा बघा, जहाजाच्या साखळ्या लावल्यात," असं म्हणून तो तरुकडे भुवई उडवायचा. पाहुणे हसायचे, तरुही हसायची आणि आत जाऊन दातांना मिशरी लावत मोरीपाशी उभी राहायची.

अहमदाबादच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "बेन, तुमची किडनी उत्तम आहे, पण या वजनावर ती काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. चाळीसेक किलो कमी करा, मग बघू."

गाडीत बसल्याबरोबर व्रजेशने ड्रायव्हरच्या देखत कपाळावर हात मारला. "संपलं. ही बारीक होणार आणि मग मी जगणार! लाकडं आणून ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून तरु आमच्या चिकूच्या वाडीत चालायला लागली. झाडांच्या ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे. सुरुवातीला दर चौथ्या झाडाला हात टेकायची. व्रजेशला आठवड्यातून तीनदा नवसारीला डायलिसिसला न्यायचं असे. तो आत मशीनला लावलेला असताना ती बाहेर गाड्यांच्या रांगांमधून चालत राहायची. भात सुटला, पुरी सुटली, पातरेल म्हणजे आमच्याकडची अळूवडी, तीही सुटली. रसाच्या दिवसांत ती पुऱ्या तळून सगळ्यांना वाढायची आणि स्वतः दुधी खायची. हे सगळं व्रजेशची बिनमिठाची भाजी वेगळी करून, त्याच्या शिव्या ऐकून. मशीनला लागलेला माणूस चिडका होतो हे मान्य. पण माझा भाऊ आधीपासूनच तसा होता, मशीनचा त्यात काही दोष नाही.

सव्वा वर्षात तिने डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त वजन उतरवलं. तिची डावी किडनी व्रजेशच्या पोटात बसवली आणि ती तिथल्या तिथे कामाला लागली. डॉक्टर म्हणाले, "फार गुणी किडनी आहे." असणारच. होती कुणाची!

त्यानंतर आमच्या अनाविल समाजाच्या मेळाव्यात सत्कार झाला. कुणाचा? व्रजेशचा. 'मृत्यूशी झुंज देऊन परतलेले आपले व्रजेशभाई' म्हणून शाल, श्रीफळ, मानपत्र. त्याने वीस मिनिटं भाषण केलं. मनाची ताकद, सकारात्मक विचार, वाडवडिलांची पुण्याई. मी खुर्चीत बसून वाट बघत होते की यात बायको कधी येते. शेवटी आली. "माझ्या पत्नीनेही साथ दिली," तो म्हणाला. साथ! जणू ती तबल्यावर होती.

आता पुढची गोष्ट, जिच्यासाठी एवढं सांगितलं.

वजन उतरलं, पण कातडी कुठे जाणार? ती राहिली. तरुच्या पोटावरून ती पदरासारखी खाली लोंबायची, मांड्यांवर टेकायची. दंडाखाली झोळ्या. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा. त्या घडीखाली कायम ओल राहायची, मग लाली, मग बुरशी, मग रक्त. ती मऊ धोतराच्या पट्ट्या फाडून घडीत घालायची, पावडर लावायची, मलम लावायची. परकराची नाडी बांधायला जागा सापडायची नाही. वर बांधली तर घसरायची, खाली बांधली तर काचायची. पालथं झोपणं तर ती विसरूनच गेली. लग्नसमारंभाला गेली की तासाभरात बाथरूम शोधायची. मलमाला वास यायचा. त्या वासामुळे झोप लागत नाही म्हणून व्रजेशने तिचं अंथरूण माझ्या खोलीत पाठवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. नोकराच्या हातात गादी होती, आणि मागे तिची उशी घेऊन ती स्वतः.

दोन वर्षं तिने असं काढलं. मग एकदा साखर कारखान्याची चार मंडळी जेवायला होती. व्रजेशची तब्येत आता फुललेली, औषधांनी गाल वर आलेले. कुणीतरी तरुचं कौतुक करायला गेलं, "तरुबेन, तुम्ही तर अर्ध्या झालात!"

व्रजेशने कढीचा भुरका मारला आणि म्हणाला, "माल काढून घेतला हो. आता नुसती गोण राहिलीय घरात."

मंडळी हसली. सवय होती त्यांना. तरुने सगळ्यांना पुन्हा कढी वाढली, त्यालासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापाशी येऊन (मी घरातली थोरली, म्हणून सगळ्यांची मोटीबेन) म्हणाली, "मोटीबेन, सुरतला येता? पोटाची कातडी काढून देतात म्हणे."

"खाजेसाठी?"

"लोकांना तसंच सांगीन. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू? खाज आहेच. पण मला हे बघवत नाही. अंघोळीला गेले की मी दिव्याचं बटण बंद करते. मला बरं दिसायचंय, मोटीबेन. यात पाप आहे का?"

"पाप असतं तर आपला अर्धा समाज दागिन्यांच्या वजनाने नरकात बुडाला असता," मी म्हटलं. "चल."

पहिल्यांदा आम्ही गेलो त्या डॉक्टरची जाहिरात रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर होती. केयूर झवेरी त्याचं नाव. आत काचेच्या भिंती, कारंजं, गुलाबी खुर्च्या. एका पोरीने तरुचा फोटो काढला आणि पडद्यावर बोटं फिरवून तिची कंबर कापली, छाती उचलली, मान ताणली. "आंटी, बघा, अशा दिसाल!" पडद्यावर जी बाई होती ती तरु नव्हती. तरुची कुणी श्रीमंत आणि जरा बावळट पुतणी असावी तशी दिसत होती.

मग डॉक्टर आला. चकचकीत बूट, दात त्याहून चकचकीत. "दंड, छाती, पोट, मांड्या. एकदाच भूल, एकदाच काम. तिसऱ्या दिवशी घरी, नवरात्रीत गरबा!"

"मला एकच किडनी आहे," तरु म्हणाली.

तो मोकळेपणाने हसला. "एक तर आहे ना, आंटी! पुरते एक."

"काही बिघडलं तर?" मी विचारलं.

"मोटीबेन म्हणतात ना तुम्हाला? मोटीबेन, चांगला विचार करा, चांगलंच होतं."

निघताना ती पोरगी पळत आली. आज नाव नोंदवलं तर पापण्यांचं ऑपरेशन फुकट. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी टाकतो तसं. मी तिला म्हटलं, "बाळ, माझ्या पापण्या तुमच्या डॉक्टरला दे. त्याचे डोळे फार उघडे आहेत." तरु जिना उतरेपर्यंत हसत होती, पोटावर हात धरून.

दुसऱ्या खेपेला आम्ही सिमीन दस्तूरकडे गेलो. नवसारीच्या पारशी बाई, साठीच्या, सुरतच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जळलेल्या माणसांची कातडी जोडण्यात आयुष्य गेलेलं. दवाखान्यात कारंजं नव्हतं. पंखा होता, आवाज करणारा. बाईंनी तरुला झोपवून, बसवून, उभं करून पोट तपासलं, घडी उचलून जखमा पाहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हे घेऊन दोन वर्षं बसलीस? गाढव आहेस का, डीकरा?"

तरु मान खाली घालून म्हणाली, "घरचे म्हणतात हौस आहे."

"घरच्यांच्या पोटावर बांध हे, मग विचार. आता नीट ऐक. मी फक्त पोटाचं करीन. दंड-बिंड आत्ता नाही. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत वण राहील, जन्मभर. बेंबी नवीन जागी बसवावी लागते, ती माझ्या मनासारखी होईल, तुझ्या मनासारखी होईलच असं नाही. पायात रक्ताची गुठळी होऊन ती छातीत गेली तर माणूस मरतो. क्वचित होतं, पण होतं, म्हणून त्याच संध्याकाळी तुला उठवून चालवणार, रडलीस तरी. आत पाणी साठू शकतं. टाके मधोमध उसवू शकतात, तुझ्यासारख्या कातडीत जास्तच. आणि किडनी एक आहे, म्हणून दुखलं तरी नेहमीच्या कितीतरी गोळ्या तुला देता येणार नाहीत. तुझ्या किडनीच्या डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही."

"आणि फायदा?" तरुने विचारलं.

"खाज जाईल. जखमा जातील. चालताना पोट हलणार नाही, पाठीला आराम पडेल. नाडी जिथे बांधशील तिथे राहील. आरशात बरी दिसशील. तरणी दिसणार नाहीस. आणि नवरा सुधारेल म्हणून करत असशील तर ऊठ आणि घरी जा. ते ऑपरेशन मला येत नाही."

मला ती बाई फार आवडली.

"तंबाखू?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"आ कर." बाईंनी बॅटरी मारली. "मग हे काय? शाई पितेस?"

तरुचा चेहरा उतरला. मिशरी. तिच्या आईनेच लावायला शिकवलेली, लग्नाच्या आधीपासूनची. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रक्त तपासल्यावर कळतं मला. ही सुरू राहिली तर कातडीला रक्त पोचत नाही, कड काळी पडते, सडते. दोन महिने पूर्ण बंद. मग ये. खोटं बोललीस तर टेबलावरून उतरवून पाठवीन."

पन्नास किलो उतरवणारी ती बाई त्या चिमूटभर भुकटीसाठी लहान मुलासारखी रडली. सकाळी डोकं धरून बसायची. भांडी आपटायची. माझ्यावर ओरडली, मग पाया पडली. बडीशेप, लवंग, ओवा, सगळं चघळून झालं. डबी तिने स्वतः उकिरड्यावर टाकली आणि दुपारी जाऊन शोधून आणली. मी ती विहिरीत टाकली. मग मात्र सुटली.

व्रजेशला कळलं ते औषधवाल्याकडून. त्याने लगेच रविवारी सगळ्यांना बोलावलं. किडनी द्यायची होती तेव्हा ज्यांना रस्ता सापडत नव्हता, ते सगळे वेळेच्या आधी हजर. जतिन आणि त्याची बायको वापीहून आले, रमाफोई चिखलीहून, मिहिर टोरांटोहून फोनच्या पडद्यावर. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. खमण आलं, चहा आला. आणायला तरुच.

"भाभी, भूल म्हणजे खेळ नाही," जतिन म्हणाला. पाठ ताठ ठेवून बसला होता. दुखत नव्हती त्या दिवशी. "एक किडनी आहे तुम्हाला."

"दुसरी कुठे गेली, जतिन?" मी विचारलं.

"मोटीबेन, तू प्रत्येक गोष्टीत..."

"नाही, मी विचारतेय. दोन वर्षांपूर्वी तिला भूल दिली, पोट उघडलं, आतला आख्खा अवयव काढला. तेव्हा तू म्हणालास, आजकाल विज्ञान खूप पुढे गेलंय. ते मागे कधी आलं?"

रमाफोईंनी खमणाचा तुकडा तोंडात टाकला. "ते जीव वाचवायला होतं, बेटा. ही तर रूपाची हौस. या वयात कुणाला दाखवायचंय पोट?"

"फोई, तुम्ही गेल्या वर्षी दात बसवलेत. कुणाला चावायचं होतं?"

बरणीपाशी मिहिर म्हणाला, "मम्मी, मी वाचलं, खूप धोका असतो. इकडे तर लोक आधी मनाच्या डॉक्टरकडे जातात. तू आहेस तशी आम्हाला आवडतेस."

"तू मला चार वर्षांत पाहिलं नाहीस रे," तरु म्हणाली. चिडून नाही, साधंच. पडद्यावरचं चित्र नेमकं त्याच वेळी थिजलं, तोंड उघडं राहिलेलं. बराच वेळ त्याला कुणी हात लावला नाही.

व्रजेश इतका वेळ झोपाळ्यावर बसून होता. आता त्याने पाय जमिनीला लावून झोका थांबवला. "मला एकच कळत नाही. सकाळ-संध्याकाळ माझ्या गोळ्या. वेळ चुकली तर किडनी जाते. ही तिकडे पडली, हिला काही झालं, तर माझ्या गोळ्या कोण देणार?"

जतिनच्या बायकोनेसुद्धा खाली पाहिलं. आणि व्रजेशला कळलंच नाही की आपण काय बोललो. तो प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होता, खरोखर.

तरुने आत जाऊन गोळ्यांचा डबा आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "ही सकाळची बाजू, ही संध्याकाळची. अक्षरं मोठी आहेत. तुमचे हात चालतात, डोळे चालतात, किडनी पण चालते. पुढच्या महिन्यात मी सुरतला जातेय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"म्हणा ना," ती म्हणाली, "मी ऐकून घेईन," आणि रिकाम्या बशा उचलून आत गेली.

पैशाच्या नाड्या त्याला आवळता आल्या नाहीत. तिच्या माहेरची अर्धी वाडी तिच्या नावावर होती.

किडनीच्या डॉक्टरांनी होकार दिला, दस्तूरबाईंनी ऑपरेशन केलं. काढलेली कातडी वजन करून ठेवतात हे मला माहीत नव्हतं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "एक बारकं पोर निघेल एवढं ओझं होतं." संध्याकाळी त्यांनी म्हटल्याप्रमाणे तिला उठवलं. दोन्ही बाजूंना नळ्या, त्यांना लावलेल्या बाटल्या हातात, कंबरेत वाकलेली तरु भिंत धरून चालली आणि रडलीही. पाचव्या दिवशी घरी आली.

आणि मग बिघडलं. खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात पाणी ठरेना. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले. त्यातच मधोमध, बेंबीच्या खाली, टाके उसवले. पट्टी काढली तर आत बोट जाईल एवढं भोक. तरु कमालीची घाबरली; माझा हात धरून म्हणाली, "मोटीबेन, मी स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं केलं का? एकच होती. तीही घालवली का मी?"

मी गाडी बोलावली.

व्रजेशकडे मात्र उत्तर तयार होतं. दारात उभं राहून, तोंडाला फडकं बांधून, कारण त्याला जंतूंची भीती. "सांगितलं नव्हतं? घ्या आता! रूप घ्या!" त्याच्या आवाजात मला चक्क आनंद ऐकू आला. ज्याच्या पोटात तिची किडनी दिवसरात्र राबत होती, तो माणूस तिची दुसरी बंद पडतेय की काय या विचाराने मनातल्या मनात फुगड्या घालत होता, केवळ आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून.

सुरतला तिला सलाईन लावलं. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. दस्तूरबाई रात्रीच्या साडीतच आल्या असाव्यात, निऱ्या उलट्यासुलट्या. म्हणाल्या, "पाणी कमी पडलंय, किडनीने फक्त तक्रार केलीय. पाणी मिळालं की ऐकेल. आणि हे भोक मी तुला आधीच दाखवलं होतं, तोंडाने. भरेल. आतून भरतं, वेळ लागतो. वण मधे जाड येईल."

आकडे दुसऱ्या दिवशी उतरायला लागले.

व्रजेश एकदा आला हॉस्पिटलात. जतिन घेऊन आला. खाटेपासून लांब, दाराच्या चौकटीत उभा राहिला. मला वाटलं, आता तरी विचारेल, कशी आहेस. त्याने विचारलं, "गोळ्यांची ती पिवळी पट्टी संपलीय. नवी कुठे ठेवलीस?"

तरुचे डोळे मिटलेले होते. "देवघराच्या खालच्या खणात," ती म्हणाली. तो जरा घुटमळला. हात उचलून काहीतरी बोलायला गेला. त्याला त्या रस्त्याची सवयच नव्हती. मग फडकं नीट करून गेला.

जखम भरायला दोन महिने गेले. रोजची पट्टी मी करायची. ते भोक रोज थोडं थोडं लहान होताना बघणं यात एक समाधान आहे, ते मी कुणाला पटवत बसत नाही. वण मधे जाड आला. डाव्या कमरेपाशी शिवण संपते तिथे एक छोटा उंचवटा राहिलाय. बेंबी जरा उजवीकडे बघते. बाई म्हणाल्या, वर्षाने नीट करून देते, दंडांचंही तेव्हा बघू. तरु म्हणाली, "दंड राहू द्या. लांब बाह्या शिवीन. परत त्या रस्त्याने जायची माझी छाती नाही." बाईंनी मान डोलावली, आग्रह केला नाही.

समाजातल्या बायका वण बघायला येऊ लागल्या. आधी नाकं मुरडून, मग दार लावून. प्रत्येकीला हळू आवाजात तेच विचारायचं असायचं, फायदा झाला का? तरु त्यांना सगळं सांगायची. भोक, उलट्या, भीती, सगळं. "अंघोळीला आता मी दिवा लावते," हेही सांगायची. "पण माझ्यावरून ठरवू नका. मिशरी लावता का ते आधी सांगा." अर्ध्या बायका तिथेच उठायच्या.

गेल्या आठवड्यात दुपारी कारखान्याची तीच मंडळी ओट्यावर बसली होती. मी आणि तरु आतल्या खोलीत होतो. कुणीतरी तिच्या ऑपरेशनचं विचारलं. व्रजेशचा आवाज आला, खणखणीत, मानपत्र मिळालेल्या माणसाचा.

"मीच म्हटलं तिला. म्हटलं, तरु, तू माझ्यासाठी एवढं केलंस, आता खर्चाकडे बघू नको. घरचे सगळे विरोधात होते हो. पण बाईमाणसाची इच्छा आपण ओळखायला नको?"

"वा, व्रजेशभाई!" मंडळी म्हणाली.

मी उठले. चप्पलसुद्धा घातली नाही. काय बोलायचं ते सगळं ओळीने जिभेवर येऊन उभं होतं, गोणीपासून पिवळ्या पट्टीपर्यंत. तरुने माझ्या पदराचं टोक धरलं.

"जाऊ द्या, मोटीबेन."

"जाऊ द्या? ऐकलंस ना काय बोलला?"

"ऐकलं. आता पाहुण्यांसमोर एकदा बोललाय. दंडांचं कधी करायचं झालं तर नाही म्हणता येणार नाही त्याला." तिने उशी ओढली. "पंखा जरा वाढवा ना. मला झोप येतेय."

आणि ती सरळ पालथी झोपली, गाल उशीवर, हात वर टाकून, पोट गादीला टेकवून, शाळेतल्या मुली झोपतात तशी. ओट्यावर व्रजेश अजून बोलत होता. ती घोरायला लागली होती.